८ रुपयांचा दिवा २० रुपयांना विकू नका!



मागच्या व्हिडिओत आपण मॉडेल रेल्वेच्या इमारतींना लावायचे बाहेरचे छोटे दिवे घरी कसे बनवायचे ते पाहिलं. त्यानंतर बॅचमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, एक दिवा ८ रुपयांत पडतो. २० ला विकला तर १२ रुपये सुटतात. चालेल ना?"

माझं स्पष्ट मत सांगतो. चालणार नाही. दिवा स्वस्तात बनवा, जरूर बनवा. पण स्वस्तात विकलात तर तीन महिन्यांत धंदा बंद कराल आणि वर म्हणाल, "या लाइनमध्ये काही राम नाही."

आधी गिऱ्हाईक समजून घ्या

मॉडेल रेल्वे म्हणजे लहान मुलांची खेळण्यातली गाडी नव्हे. अमेरिका, जर्मनी, इंग्लंडमध्ये मोठी माणसं वर्षानुवर्षं एकच लेआउट बांधत बसतात. त्यात स्टेशन असतं, गोदाम असतं, रस्ते असतात. आपल्याकडे हा छंद बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. जर्मनीत हॅम्बुर्गला 'मिनिएटुर वुंडरलँड' आहे, ते २००१ साली सुरू झालं. तिथे दर १५ मिनिटांनी खोटी रात्र करतात आणि सगळ्या गावांत दिवे लागतात. ती रात्र बघायलाच लोक थांबतात. म्हणजे आपला हा एवढासा दिवा अख्ख्या लेआउटचा जीव असतो.

सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. खरी वस्तू ८७ पट लहान. आता हिशोब करा. दुकानात सहज मिळणारा ५ मिमीचा एलईडी भिंतीवर लावला, तर त्या मापात तो ४३५ मिमीचा झाला. दाराच्या वर जवळजवळ दीड फुटाचा बल्ब! गिऱ्हाईकाला हे पहिल्या नजरेत खटकतं. म्हणून ०६०३ मापाचा एसएमडी एलईडी घ्यायचा. तो १.६ बाय ०.८ मिमीचा असतो, तांदळाच्या कणीएवढा.

स्वस्त काय आहे? फक्त माल

अमेरिकेतल्या जुन्या स्टेशनांवर, गोदामांवर दाराच्या वर एक दिवा दिसतो. हंसाच्या मानेसारखा वाकलेला पाइप आणि खाली ताटलीसारखी शेड. हाच दिवा सगळ्यात जास्त मागितला जातो, आणि त्याचं सगळं सामान आपल्या आसपास आहे.

शेडसाठी कपड्यांवर लावतात ती वाटीच्या आकाराची टिकली, नाहीतर इमिटेशन ज्वेलरीतली मण्याची टोपी. ४ मिमीची घेतली की खऱ्या मापात साधारण ३५ सेंटिमीटरची शेड होते, एकदम बरोबर. मुंबईत भुलेश्वरला, पुण्यात बोहरी आळीत हा माल मिळतो. एलईडी आणि रेझिस्टर लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत. मानेसाठी ०.४ मिमीची उघडी तांब्याची तार, तीच निगेटिव्हचं काम करते. तिच्या अंगाला चिकटवून पॉझिटिव्हसाठी वाइंडिंगची बारीक इनॅमल तार. पंख्याची मोटर भरणाऱ्याकडे तिचे तुकडे पडलेले असतात.

दोन गोष्टी विसरू नका. प्लॅस्टिकच्या टिकलीतून उजेड आरपार येतो, म्हणून आधी आतून-बाहेरून काळा रंग, मग आतून पांढरा. आणि धातूची टोपी वापरत असाल तर आतून नेलपॉलिशचा हात मारा, नाहीतर शॉर्ट होणार.

हे सगळं धरून माल ८ रुपयांचा, मान्य. तुमच्या बाजारात ६ असेल, १० असेल. पण ८ रुपये ही किंमत दिव्याची नाही, ती ढिगाची आहे. ढीग आणि दिवा यांच्या मध्ये तुमचे हात, तुमचे डोळे आणि तुमचा वेळ आहे.

आता वही काढा

समजा तुम्ही एका बैठकीत २५ दिवे केले. हात बसलेला असेल तर एका दिव्याला १० मिनिटं. म्हणजे २५० मिनिटं, चार तास दहा मिनिटं. त्यातले ४ बाद झाले, कारण एवढ्या छोट्या एलईडीला सोल्डर करताना जरा जास्त उष्णता लागली की तो जातो. उरले २१.

२० रुपयांनी २१ दिवे विकले, आले ४२०. माल २५ दिव्यांचा लागला, गेले २००. पॅकिंग आणि चिठ्ठी नगाला ४ रुपये, गेले ८४. हातात उरले १३६. चार तास दहा मिनिटांचे १३६ रुपये! ताशी ३३ रुपयेसुद्धा नाहीत. मान मोडून, डोळे फोडून.

आता तुमच्या कामाला ताशी १२० रुपये धरा. मजुरी झाली ५००. माल, मजुरी, पॅकिंग मिळून ७८४. भागिले २१, म्हणजे दिवा पडला ३७ रुपये ३३ पैशांना. अजून सोल्डरिंग गन, वीज, फोटो काढणं, गिऱ्हाईकाच्या मेसेजला उत्तर देणं यातलं काहीच धरलेलं नाही. म्हणून माझ्या मते अशा दिव्याचा भाव ६० रुपयांच्या खाली असू नये.

यावर काही ताई म्हणतात, "सर, मी दुपारी रिकामीच असते, माझा वेळ कशाला धरायचा?" ताई, तुमचा वेळ फुकट नाही, फक्त आजपर्यंत त्याचं बिल कुणी फाडलेलं नाही. आणि उद्या ५०० दिव्यांची ऑर्डर आली, मदतीला कुणी ठेवावं लागलं, तर ती व्यक्ती पगार मागणारच. तेव्हा २० रुपयांत कुठून देणार?

"पण ऑनलाइन तर चायनाचे दिवे स्वस्त मिळतात!"

मिळतात. दहाच्या पाकिटात मिळतात. त्यांच्याशी भावात लढायला जाल तर हरणार, हे लिहून घ्या. मग गिऱ्हाईक तुम्हाला जास्त पैसे का देईल?

कारण त्याची खरी भीती वेगळी आहे. त्याने महिनाभर खपून इमारत बनवली, भिंतीला दिवा चिकटवला, वरून छप्पर बसवलं आणि आठवड्याने दिवा गेला. आता छप्पर फोडायचं? ही भीती काढून टाकायचे तो पैसे देतो. ते असं करा:

१. तार जोडण्याआधी एलईडी ३ व्होल्टच्या बटण सेलवर लावून बघा.

२. रेझिस्टर जोडूनच द्या. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. १२ व्होल्टचा सप्लाय असेल तर उरले ९. ५ मिलिअँपिअर हवेत, म्हणजे १.८ किलोओहमचा रेझिस्टर. घराबाहेरचा मंद पिवळसर उजेड हवा असेल तर वॉर्म व्हाइट एलईडी आणि ४.७ किलोओहम. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर.

३. तयार दिवा रात्रभर चालू ठेवा. सकाळी जो जळत असेल तोच पाकिटात जाईल.

४. चिठ्ठीवर ठळक लिहा: "फक्त १२ व्होल्ट डीसी. रुळाच्या सप्लायवर जोडू नये." साध्या डीसी लेआउटमध्ये गाडीच्या वेगाबरोबर रुळातलं व्होल्टेज बदलतं आणि गाडी उलटी नेली की प्लस-मायनसही उलटं होतं. दिवा लुकलुकेल, कधी कायमचा जाईल, आणि नाव तुमचं खराब होईल.

५. तार २५-३० सेंटिमीटर लांब ठेवा. चार पैशांची तार वाचवून गिऱ्हाईकाला जोड मारायला लावू नका.

या पाच गोष्टींना सामानाचा खर्च जवळपास शून्य आहे, पण ८ रुपयांचा माल ६० रुपयांचा होतो तो इथेच.

एक खरी गोष्ट सांगतो. आपल्या देशात हा छंद करणारे कमी आहेत. फक्त त्यांच्यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण हाच हात बसला की बिल्डरची मॉडेल्स बनवणारे आहेत, गणपतीचे देखावे आहेत, दिवाळीचे किल्ले आहेत. माप बदलतं, हिशोब तोच राहतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ: पाच दिवे बनवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. वेळ, वाया गेलेले नग आणि माल वहीत लिहा. मग भाव काढा. आकडा बघून लाज वाटली तरी तो कमी करू नका. आधी दिवा त्या भावाच्या लायकीचा करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!