चव घेणारे आणि छाट काढणारे

उंची सिगारची चव कशी घ्यावी, याचे एक रीतसर शास्त्र आहे. पेटवण्यापूर्वी ती बोटांनी दाबून भरण सारखी आहे की नाही हे पाहायचे, वरच्या पानाच्या शिरा न्याहाळायच्या, न पेटवताच एक झुरका ओढून गंध घ्यायचा. मग तीन टप्प्यांत ती सावकाश ओढून प्रत्येक टप्प्याची चव टिपायची. सौम्य जातीच्या सिगारमध्ये साय, देवदाराचे लाकूड, भाजलेले काजू असे स्वाद जाणकारांना सापडतात. राख किती टिकली, कड सारखी जळली का, यालाही गुण असतात. शेवटी शंभरपैकी एक आकडा पडतो आणि त्या आकड्यावर मालाची प्रतिष्ठा ठरते. ‘सौम्य’ हे विशेषण अर्थातच चवीपुरते आहे. कर्करोगाच्या बाबतीत तो धूर कोणतीही सौम्यता दाखवत नाही.

भिवंडीत पाळी सुटल्यावर नाक्यावर विडी पेटवणाऱ्या यंत्रमाग कामगाराला या शास्त्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु मालाची परीक्षा ही गोष्ट त्याच्या चांगल्या परिचयाची आहे. बारा बारा तास मागावर उभे राहून तो मीटरवर मजुरी कमावतो. ताका तपासणीला जातो, कोठे डाग निघतो, कोठे तार तुटलेली दिसते आणि त्याच्या मजुरीतून पैसे कापले जातात. सूत हलके होते की माग जुना होता, हा प्रश्न तपासणीच्या मेजावर विचारला जात नाही. परीक्षक मालकाचा, निकषही मालकाचे आणि दंड तेवढा कामगाराचा!

सौम्य सिगारभोवती जे फिकट, तलम पान गुंडाळतात त्यातील सर्वांत नावाजलेले पान अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात पिकते. ऊन थेट लागू नये म्हणून १९०० च्या सुमारास तेथे शेतांवर सुती जाळीदार कापडाचे मांडव घालण्यात येऊ लागले. पानाची ती कोवळीक त्या सावलीची आहे, आणि त्या मांडवाखाली वाकून पाने खुडणाऱ्या हातांची आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात दक्षिणेतून तेथे मजुरीला आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत मार्टिन ल्यूथर किंग हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. गुण देणाऱ्याच्या तक्त्यात पानाचा रंग असतो, शिरा असतात. खुडणाऱ्याच्या रोजाचा रकाना त्यात नसतो.

आपल्याकडे हाच व्यवहार विडीच्या धंद्यात अधिक उघडावाघडा दिसतो. भिवंडीत तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांना हे सांगावे लागत नाही. त्यांच्या सोलापूरच्या भाऊबंदांत पुरुष मागावर आणि बायका विडीवर, असाच संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्या वळता वळता दिवस मावळतो. मग त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, आणि तेथे बसलेला तपासनीस सैल, आखूड, डागी म्हणून काही बाजूला काढतो. यालाच ‘छाट’ म्हणतात. मालकाने दिलेलीच पाने फाटकी असली, तरी छाट वळणारीच्या नावावर पडते. नापास ठरलेल्या विड्याही बाजारात जातात, ही तर कामगार संघटनांची जुनीच तक्रार आहे.

या छाटीला लगाम घालता येतो, हे चळवळीने सिद्ध केले. १९६६ साली विडी आणि सिगार या दोन्ही धंद्यांतील कामगारांसाठी एकच कायदा झाला. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी असे ठरवले की, सर्वसाधारणपणे शेकडा ५ हून अधिक माल नापास करता येणार नाही; आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल तर नापास मालाचीही निम्मी मजुरी द्यावी लागेल. मालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरवले. परीक्षकाच्या हातातील छडीलाही माप असते, हा त्या निकालाचा अर्थ होय.

तो कायदा आता स्वतंत्रपणे उरलेला नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अशा वेळी आपण गाफील राहिलो, तर अनेक वर्षांच्या लढ्याने मिळालेली एक ओळ नियमांच्या भेंडोळ्यात हरवून जाईल. छाटीची मर्यादा आणि निम्म्या मजुरीचा हक्क राज्याच्या नियमांत शब्दशः राहिला पाहिजे, ही मागणी आजच केली पाहिजे.

भिवंडीतील कार्यकर्त्यांनी तर याच्याही पुढे जावे. विडीच्या छाटीला मर्यादा घालता येते, तर ताक्याच्या कपातीला का घालता येऊ नये? कपातीची कमाल मर्यादा लेखी ठरावी, तपासणी कामगारांच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी आणि सुताचा व मागाचा दोष विणणाऱ्याच्या माथी मारला जाऊ नये, या तीन गोष्टी मालकांशी होणाऱ्या प्रत्येक करारात आणता येतील. त्यासाठी नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही; पाळीच्या वेळी मागामागांतून फिरून गेल्या महिन्यातील कपातीच्या नोंदी गोळा करण्याची गरज आहे.

निपाणीच्या शेतकऱ्याच्या तंबाखूची प्रत व्यापारी ठरवत आला. त्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले आणि ६ एप्रिल १९८१ रोजी त्यांनी गोळ्या झेलल्या. विडी वळणारीची प्रत तपासनीस ठरवतो, विणकराची व्यापारी ठरवतो. राबणाऱ्यांनी तेवढी कोणाची परीक्षा घ्यायची नाही, असा दंडक पडला आहे. तो मोडायचा असेल, तर तपासणीच्या मेजाच्या त्या बाजूला आपलाही एक माणूस बसवावा लागेल.