दुपारी एक ते चार बंद

पुण्यातल्या दुकानांच्या ‘दुपारी 1 ते 4 बंद’ या पाटीवर विनोद ऐकला नाही असा मराठी माणूस इंदूरलाही सापडणार नाही आणि बंगळुरूलाही. चितळे बंधूंनी 2017 मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची चक्क बातमी झाली होती! गिऱ्हाईक म्हणून मला ते सोयीचंच वाटलं. पण त्या पाटीत एक शहाणपण होतं. दुकान बंद झालं की मालकही जेवायला जातो आणि काउंटरवरचा माणूसही. निवांत व्हायचं तर आधी कुणीतरी शटर ओढावं लागतं.

आपण मात्र शटर उघडं ठेवून निवांत व्हायला बघतो. रविवारी केसांना तेल, बुधवारी फेसपॅक, रोज दहा मिनिटं ध्यान, ध्यानाचं ॲप आणि त्या ॲपचं नोटिफिकेशन. कामांच्या यादीत आणखी चार ओळी वाढतात आणि त्या राहिल्या की चुटपुट लागते ती वेगळीच. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हे वाक्य माझ्या नोकरीत मला आठवड्यातून दोनदा तरी भेटतं. काढायचा कुठून, ते पुढे कुणी लिहीत नाही.

सरकार दर काही वर्षांनी भारतीय माणसाचा दिवस मोजतं. त्याला वेळ वापर सर्वेक्षण म्हणतात. पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशी पहाटे 4 पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाने कोण काय करत होतं ते विचारतात. 2024 च्या सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या मुली-बायकांचा स्वतःच्या देखभालीचा वेळ निघाला रोज 706 मिनिटं आणि पुरुषांचा 710. म्हणजे जवळजवळ सारखाच की! पण या देखभालीत झोप, जेवण, अंघोळ सगळं धरलेलं असतं. आता दुसरा आकडा बघा. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो. जे पुरुष ही कामं करतात, त्यांचा 88 मिनिटं. जेवण अर्धवट टाकून कोण उठलं, पडल्या पडल्या दाराची बेल ऐकून कोण धावलं, हे मात्र कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

माझी मावशी बडोद्याला असते. दोन वर्षांपूर्वी तिचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि दुपारी जेवणानंतर थोडं पडत जा म्हणून सांगितलं. गोळी दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. पडणं काही जमेना. पडली की कुरिअरवाला यायचा. तीनला भांडी घासणाऱ्या ताई यायच्या. साडेतीनला काकांचा चहा. मावशी म्हणायची, “अगं, मला सवयच नाही गं झोपायची.” सगळ्यांनी ते खरं मानलं. सवय नाही म्हटलं की बाकी कुणाला काही करावं लागत नाही ना!

शेवटी माझ्या मावसबहिणीने आईचा एक अख्खा दिवस कागदावर लिहून काढला, अर्ध्या तासाचा एक चौकोन, असे 48 चौकोन. दुपारी 1 ते 4 मध्ये मावशी सात वेळा उठली होती. त्यातल्या पाच वेळी दुसरं कुणी उठलं असतं तरी चाललं असतं. मग घरात वाटाघाटी झाल्या. कुरिअर खाली वॉचमनकडे ठेवायचं ठरलं. भांडीवाल्या ताईंना पाचला येता का विचारलं, तर त्यांना ते जमणारं नव्हतं. त्या वेळी त्यांची मुलगी शाळेतून येते आणि त्यांनाही त्यांचं घर आहेच. त्या म्हणाल्या, दीडला येते. म्हणून घरचं जेवणच अर्धा तास अलीकडे आलं. आणि चहा काकांनी शिकून घेतला, वयाच्या 63 व्या वर्षी. पहिले काही दिवस “साखर कुठेय?” हे विचारायला ते मावशीलाच उठवायचे, तो भाग सोडून द्या.

तुम्हीही हा कागद करून बघा. स्वतःचा कराच, पण घरात जी व्यक्ती ‘मला काही नको’ म्हणते, तिचा आधी करा. रविवारचा नको, नेहमीच्या वाराचा. भरल्यावर एवढंच शोधायचं, की यातलं कुठलं काम दुसरं कुणी करू शकतं आणि कुठलं केलंच नाही तरी चालतं. नवीन काही त्यात घालायचं नाही.

पडायचंच असेल तर आपल्याकडे वामकुक्षी आहेच. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर थोडा वेळ लवंडणं. डाव्या कुशीवर पडल्याने जळजळही कमी होते. दीड-दोन तासांची गाढ झोप म्हणजे वामकुक्षी नव्हे. आयुर्वेदानेही दिवसा झोपायला मोकळीक दिली आहे ती मुख्यतः उन्हाळ्यात. वीसेक मिनिटं पुरतात. जास्त झालं तर उठताना अंग जड होतं आणि रात्रीची झोप उडते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ते शक्य नसेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ला रोजची वेळ लावून ठेवता येते, म्हणजे आठवण ठेवायचीही गरज नाही. घरी म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर तेवढे नंबर त्यातून वगळता येतात.

ऑफिसात जाणाऱ्यांना दुपार नसते, हे मान्य. त्यांनी आपला चौकोन दुसरीकडे शोधावा. माझा संध्याकाळी घरी आल्यावरचा आहे. चप्पल काढल्यापासून अर्धा तास मी कुणाला उत्तर देत नाही, ग्रुपवरच्या गुड इव्हनिंगलासुद्धा नाही. आईला हे पटायला महिना लागला. आता तीच फोन उचलून सांगते, “ती आत्ता बंद आहे, साडेसातनंतर करा.”