दिवा पेटतो कसा, हेही शिकवा

गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता ३३०० मेगावॅट आहे. तरीही रस्त्यावरचा २५० वॅटचा सोनेरी सोडियम दिवा नुसत्या २३० व्होल्टवर पेटत नाही. असे का, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. तो निघायला हवा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या दिव्यात तार तापत नाही, वायूतून वीज वाहते. पण थंड वायू हा विद्युतरोधक! त्यातला एखादा भटका इलेक्ट्रॉन वेगाने धावून अणूंवर आदळला, नवे इलेक्ट्रॉन सुटले आणि त्यांची संख्या भराभर वाढली, तरच मार्ग खुला होतो. त्यासाठी ‘इग्नायटर’ क्षणभर २५०० ते ४००० व्होल्टचे धक्के देतो. पाऱ्याच्या दिव्यात आरंभासाठी जादा इलेक्ट्रोड असतो. येथे तशी सोय नाही. कारण तप्त सोडियमला टिकणारी ॲल्युमिना या सिरॅमिकची नळी फार अरुंद असते.

म्हणून काही दिव्यांत नळीला लगटून एक बारीक तार बसवतात. तिच्यामुळे इलेक्ट्रोडजवळचे विद्युतक्षेत्र तीव्र होते व कमी दाबावर काम भागते. दिवा तापला की द्विधातूची पट्टी वाकून तारेला दूर सारते. नाहीतर सोडियम हळूहळू नळीबाहेर ओढला जातो. केवढी ही युक्ती!

कोणी म्हणेल, आता एलईडी आले, मग हे कशाला? २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली देशभर जुने पथदिवे उतरवले जात आहेत, हे खरे. पण आकाशातली वीज, स्कूटरचा स्पार्क प्लग, ट्यूबलाइटचा स्टार्टर या सर्वांमागे हाच प्रश्न आहे. आपली पुस्तके दिवा प्रकाश कसा देतो हे सांगतात; तो सुरू कसा होतो, हे बहुधा राहून जाते.

तेव्हा शिक्षकांना विनंती, की नगरपरिषदेकडून उतरवलेला एक अखंड दिवा मागून घ्या आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवा. विद्यार्थ्यांनो, त्यातली नळी व तार बाहेरूनच पाहा. तो फोडू नका, आत बहुधा पारा असतो. विजेला जोडूही नका. बाकीचे दिवे भंगारात न जाता २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राकडे जातात ना, हेही विचारा. विचारण्याचा हक्क तुम्हालाही आहे.