कॉलेज नव्हे, शाखा तपासा!

बारावीचा निकाल लागला की गावाकडचा बाप पोराला घेऊन मुंबई-पुण्याच्या वाऱ्या सुरू करतो. इमारत बघून भारावतो अन् फीसाठी कर्ज काढतो. पालकहो, जरा थांबा!

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. घाटकोपरजवळ विद्याविहारचं सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचं. तेव्हापासून कॉलेजं उदंड झाली. नाव मोठं असो वा लहान, एक प्रश्न विचाराच : पोराच्या शाखेला ‘एनबीए’चं मानांकन आहे का, आणि कधीपर्यंत?

‘एआयसीटीई’ची मान्यता म्हणजे अभ्यासक्रम चालवायची परवानगी. ‘नॅक’ची श्रेणी अख्ख्या संस्थेला. १९९४ साली स्थापन झालेलं ‘एनबीए’ मात्र एकेक शाखा तपासतं. शिक्षक किती, प्रयोगशाळा कशी, शिकून पोराला प्रत्यक्षात काय येतं, जिथं कच्चं राहिलं तिथं सुधारणा काय केली, हे सारं बघतं. शिवाय मानांकन ठराविक मुदतीचंच. तेव्हा संगणक शाखेला ते असलं म्हणून स्थापत्यलाही असेलच असं नाही. ‘एनबीए’च्या संकेतस्थळावर यादी बघायला मिळते.

बैल घेताना आपण दात बघतोच ना? मग चार वर्षांच्या शिक्षणाला एवढी चौकशी नको?