खेळाचा संगणक : तयार कीं जुळविलेला?

घरांतील चिरंजीव खेळांसाठीं संगणक मागूं लागले, कीं वडीलधाऱ्यांस नांवाजलेल्या कंपनीची तयार पेटी निर्धास्त वाटते. तक्रार एकाच ठिकाणीं नेतां येते, हें खरेंच. आणि २०२०-२१ सालीं ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला तेव्हां कित्येकांस तयार संगणकच स्वस्त पडला. परंतु अशा पेटींत काटकसर होते ती बहुधा न दिसणाऱ्या जागीं, म्हणजे वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसमध्यें व मदरबोर्डांत. कांहीं कंपन्यांचे हे भाग तर त्यांच्या स्वतःच्याच मापाचे. पुढें मोठें कार्ड घालूं म्हटल्यास बाजारांतला एसएमपीएस त्यांत बसतच नाहीं. यास्तव बुधवार पेठेंत, तपकीर गल्लीच्या आसपास हिंडून, भाग निवडून संगणक जुळवून घेणें आम्हांस अधिक पसंत आहे. मात्र प्रत्येक भागाच्या हमीची मुदत निराळी असते. पावत्या घरांतील जबाबदार माणसानें जपाव्या, चिरंजीवांनीं नव्हे.