नाक कुणाचं, श्वास कुणाचा?

मागच्या दिवाळीत माझी भाची राहुरीहून आली होती. फराळाच्या ताटल्या गोळा करून ती माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि नळ मोठा सोडून हळूच म्हणाली, "आत्या, मला नाकाचं ऑपरेशन करायचंय. आईला तू सांग ना."

भाची चोवीस वर्षांची. पतसंस्थेत नोकरी करते. सातवीत असताना खो-खो खेळताना खांबावर तोंड आपटलं होतं. भळाभळा रक्त आलं. आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, डोक्यावर गार पाणी ओतलं, कांदा फोडून हुंगायला दिला. रक्त थांबलं आणि विषय संपला. नाक मात्र वाकडं ते वाकडंच राहिलं. गेल्या दोन वर्षांत बघायला येणाऱ्यांच्या नजरा आधी तिथंच जायच्या. एका स्थळाकडून मध्यस्थामार्फत निरोप आला, "मुलगी सालस आहे, पण नाक जरा..." पुढचं वाक्य कुणी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरजही नव्हती.

खरं सांगते मैत्रिणींनो, माझं पहिलं उत्तर तुमच्यासारखंच होतं. म्हटलं, "वेडी आहेस का? काय वाईट आहे नाकात?" ती काही बोलली नाही. ताटल्या विसळत राहिली.

मग घरात चर्चा झाली. नाक तिचं, पण मत प्रत्येकाचं! दादा म्हणाला, "नाकावर एवढे पैसे?" आई म्हणाली, "देवानं दिलेल्या शरीराला सुरी लावायची? असली थेरं आपल्यात नाहीत." वहिनीचं गणित वेगळंच. तीन आठवड्यांनी नवीन पाहुणे येणार होते, त्याआधी होत असेल तर करून टाकू, असं तिचं म्हणणं. मी मधे पडले आणि तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वहिनीही आल्या.

डॉक्टरांनी नाक किती वाकडं हे पाहिलंच नाही आधी. विचारलं, "झोपेत तोंड उघडं असतं का?"

भाची गप्प. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "लहानपणापासून घोरते. मुलीची जात, म्हणून आम्ही कुठं बोललो नाही."

मला एकदम चर्र झालं. सकाळी उठल्यावर घसा कोरडा, महिन्याआड सर्दी, कपाळ दुखणं, उजवी नाकपुडी कायम बंद. बारा वर्षं ही पोर अर्ध्या नाकानं श्वास घेत होती आणि आम्ही घोरणं लपवत होतो! नाक वाकडं दिसतं हे साऱ्या गावाला दिसलं, तिला श्वास घेता येत नाही हे घरातल्या कुणाला दिसलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, ते तुम्हालाही सांगते. आपल्या दोन नाकपुड्यांच्या मधे एक पडदा असतो. पुढे मऊ कूर्चा, मागे हाड. थोडाफार वाकडा तो बहुतेकांचा असतो आणि त्यानं काही बिघडत नाही. जास्त वाकला की एका बाजूची वाट अडते. नाक हे नुसतं भोक नव्हे. आत जाणारी हवा ते गाळतं, ओली करतं, कोमट करतं. तोंडानं घेतलेल्या श्वासाला यातलं फारसं काही मिळत नाही. नुसता पडदा सरळ करायची एक शस्त्रक्रिया असते. तिच्यात सहसा बाहेरचं रूप बदलत नाही. बाहेरचा आकार सुधारायची दुसरी. आणि मार लागून आतबाहेर दोन्ही वाकडं झालेलं असेल, तर दोन्ही एकाच वेळी करता येतात. म्हणजे "दिसण्यासाठी की श्वासासाठी?" हा आपला प्रश्नच पुष्कळदा चुकीचा असतो. बाहेरचा सांगाडा वाकडा राहिला, तर आतली वाटही पूर्ण मोकळी होत नाही.

वहिनींनी तीन आठवड्यांची मुदत सांगितल्यावर डॉक्टर हसले. ऑपरेशननंतर साधारण आठवडाभर नाकावर आधाराची पट्टी असते. डोळ्यांखाली काळंनिळं पडतं, ते ओसरायला दोन आठवडे तरी जातात. आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरून नाकाचा खरा आकार दिसायला वर्षभर लागू शकतं. पाहुण्यांच्या तारखेवर नाक तयार होत नाही!

आणि "आपल्यात नाही" म्हणणाऱ्या आईला मी घरी येऊन एक गोष्ट सांगितली. ही विद्या विलायतेची नाहीच मुळी. सुश्रुतसंहितेत तुटलेलं नाक नव्यानं बसवायची रीत लिहिलेली आहे. आणि पुण्याजवळची एक हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली होती. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ते कपाळावर ठेवून आखलं, तेवढी कातडी सोडवली, भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली राखली आणि कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. वर काताच्या लेपाच्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदानं १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि पुढे ती युरोपभर गेली. त्या पुण्याकडच्या कारागिराचं नाव मात्र त्या हकिगतीत कुठंच नाही.

आईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पण नाक कापायचंच कशाला मेल्यांनी?"

बरोबर विचारलं तिनं. नाक कापायचं ते माणसाची लाज काढायला. आपली भाषासुद्धा बघा ना. इभ्रत गेली की नाक कापलं, शरण आणलं की नाक घासायला लावलं, गर्विष्ठ असली की नाकानं कांदे सोलते, मुलगी सुंदर तर चाफेकळी नाक. घराण्याचं नाक म्हणून बाईकडे बोट, आणि ते 'कापलं गेलं' म्हणून शिक्षाही बाईलाच. आणि प्रत्येक वाकड्या नाकामागं खो-खोचा खांबच असतो असंही नाही. "बाथरूममध्ये पाय घसरला", "गोठ्यात म्हशीनं शिंग मारलं", ही कारणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, आणि ऐकून मान खाली घातली आहे. मैत्रिणींनो, नाकाचं हाड मोडणं ही किरकोळ गोष्ट नाही. हाड मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापत म्हटलंय. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. दवाखान्यात गेलात तर खरं कारण सांगा आणि ते कागदावर लिहून घ्या. नाक सरळ करून देणारा डॉक्टर भेटेल, पण हात उगारणारा घरात तसाच राहिला तर त्या ऑपरेशनचा काय उपयोग?

आता थोडं कामाचं. नाकाला मार लागला की डोकं मागं टाकू नका. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत घट्ट धरा. त्यानंतर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, आत फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडद्यात साकळलेलं रक्त तसंच राहिलं, तर काही दिवसांत कूर्चा विरते आणि नाक बसकं होतं. मोडलेलं हाड जागेवर बसवायचं तर तेही पहिल्या दोन आठवड्यांत. आमची संधी त्या कांद्यात गेली.

दुसरं, नाकात टाकायचे थेंब. ही कबुली माझीच. दुकानातून बाटली आणायची, नाक मोकळं झालं की बरं वाटायचं. अशी वर्षं काढली मी. ते थेंब आठवडाभरापलीकडे वापरले की त्यांच्यामुळंच नाक चोंदतं. सोयाबीनच्या मळणीची धूळ, गाजरगवत, चुलीचा धूर यांनीही नाक बंद होतं, आणि त्याला ऑपरेशन नव्हे, ॲलर्जीची औषधं लागतात. म्हणून आधी तपासणी. जिल्हा रुग्णालय आहे, लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. निव्वळ दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला विमा मिळत नाही, पण अपघात किंवा श्वासाची अडचण असेल तर विचारून बघावं. सरकारी योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशन ठरलंच तर डॉक्टरांना निःसंकोच विचारा, माझ्या नाकात नेमकं काय करणार, काय बिघडू शकतं, मनासारखं झालं नाही तर पुढे काय? रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक, पुन्हा ऑपरेशन, हे सारं होऊ शकतं. मिश्री, तपकीर, तंबाखू सोडावी लागते, जखम भरायला ती आड येते. मुलींचं नाक वाढायचं थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत, बाहेरच्या आकाराची घाई नको. आणि नटीचा फोटो घेऊन जाऊ नका. तिचं नाक तिच्या चेहऱ्याला शोभतं.

माझ्या भाचीनं दोन्ही करून घेतलं, फेब्रुवारीत, स्वतःच्या साठवलेल्या पैशात दादाची भर घालून. ते तीन आठवड्यांचं स्थळ गेलं. वहिनींना वाईट वाटलं. नाक चाफेकळी वगैरे झालेलं नाही. नीट पाहिलं तर अजून किंचित डावीकडे आहे, शेंड्याला सूज आहे, आणि नथ कधी घालायची ते डॉक्टर सांगतील तेव्हा. "आरशात बघितलं की बरं वाटतं," असं ती म्हणते, आणि त्यात तिला लाज वाटावी असं मला आता काहीच दिसत नाही. सुंदर दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. फक्त ते आपल्याला वाटतंय की चहा-पोह्याला येणाऱ्यांना, एवढं बाईनं स्वतःला विचारावं.

महिन्याभरानं तिचा फोन आला. म्हणाली, "आत्या, काल रात्री तोंड मिटून झोपले."

आज रात्री एवढंच करा. लेकीला, सुनेला जवळ बसवा. एक नाकपुडी बोटानं बंद करून दुसरीतून श्वास घ्यायला सांगा. मग दुसरी. नाकपुड्या आलटूनपालटून थोड्या चोंदतात, ते सगळ्यांचंच होतं. पण रोज तीच एक बाजू बंद असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि हो, नंतर स्वतःचीही बघा. तुम्हाला शेवटचं कुणी विचारलं होतं, की बाई, तुला नीट श्वास घेता येतो ना?