वाइनची पारख आणि द्राक्षउत्पादक

मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास अनुमती देण्याचा निर्णय 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा महाराष्ट्रात जे वादळ उठले त्यात दोनच आवाज ऐकू आले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असा एकाचा दावा. महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होत आहे, अशी दुसऱ्याची टीका. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे जूनमध्ये सरकार पालटले आणि तो निर्णय कागदावरच राहिला. ज्याच्या हितासाठी म्हणून तो घेतला गेला, त्या द्राक्षउत्पादकाला काय हवे आहे, याची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही.

वाइन दारू नव्हे, हा दावा टिकणारा नाही. तिच्यात साधारणत: बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो आणि घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मद्यपानाविषयी राज्यकर्त्यांना दिलेला निर्देश तिलाही लागू आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिलेल्या स्त्रियांनी या निर्णयाला विरोध केला असेल, तर त्याची चेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु वाइन प्यावी की पिऊ नये हा एक प्रश्न झाला आणि महाराष्ट्रात जी वाइन तयार होतेच आहे, तिचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हा दुसरा. दुसऱ्याचा निर्णय पहिल्याच्या वादात हरवला आहे.

वाइनचे जाणकार तिच्यात मुख्यत: शोधतात ती जमिनीची चव. एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन दोन गावांच्या मातीत, उन्हात आणि रात्रीच्या गारव्यात निराळी उतरते. ही कल्पना परंड्याच्या माणसाला परकी वाटू नये. काळ्या रानातली शाळू आणि माळावरची ज्वारी यांच्या भाकरीतला भेद येथील घरांत पहिल्या घासालाच कळतो. शेजारच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या खव्याचे नावही त्याच्या चवीमुळेच झाले आहे. चवीची पारख हा केवळ श्रीमंतांचा छंद आहे, ही समजूत म्हणूनच चुकीची होय.

मराठवाड्याला द्राक्षही नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद केली आहे. दख्खनच्या उष्ण हवेत वेल युरोपातल्याप्रमाणे हिवाळ्यात झोपी जात नाही. म्हणून येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, असा क्रम बसला आहे. फ्रान्समध्ये काढणी चालू असते, त्याच दिवसांत आपल्याकडे छाटणी होते. वाइनच्या दृष्टीने येथली अडचण निराळी आहे. उन्हाने फळात साखर भरभर चढते. पण वाइनला तजेला देणारे आम्ल तितक्याच वेगाने उतरते. जातीची निवड आणि काढणीचा दिवस यांना म्हणूनच येथे विशेष महत्त्व आहे.

ही अडचण दुर्लंघ्य नाही, याचे उदाहरण परंड्याहून शंभर किलोमीटरांच्या आत, कुर्डुवाडी-टेंभुर्णीच्या वाटेने गेल्यास अकलूज परिसरात सापडते. मोहिते-पाटील कुटुंबातील मंडळी, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी तेथे ‘फ्रातेल्ली’ हा उद्योग उभा केला. पिएरो मासी हे इटालियन तज्ज्ञ त्याचे वाइनकार. त्यांच्या जोडीने तेथील काही वाइन घडविण्यात पुढे स्टीव्हन स्परिअर सहभागी झाले. या स्परिअर यांनीच 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये ती सुप्रसिद्ध परीक्षा योजिली होती. बाटल्यांची नावे झाकून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या गेल्या आणि तांबड्या व पांढऱ्या या दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाला. नाव झाकले की भूमीची प्रतिष्ठा गळते आणि चव तेवढी उरते, हा त्या दिवसाचा धडा. सोलापूर जिल्ह्यातील माळालाही तो आशा देणारा आहे.

तथापि आशेच्या भरात एक कठोर वस्तुस्थिती विसरता कामा नये. खाण्याच्या द्राक्षाला तीन वाटा असतात. ते देशात विकता येते, परदेशी पाठविता येते आणि भाव पडलाच तर त्याचा बेदाणा करून तासगाव किंवा पंढरपूरचा बाजार गाठता येतो. वाइनच्या द्राक्षाला एकच दार असते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. रंग आणि स्वाद यांसाठी हेच हवे असते. पण ताटात किंवा बेदाण्याच्या शेडवर त्याला कोणी विचारीत नाही. एकच दार असलेल्या घराची किल्ली नेहमी दुसऱ्याच्या हाती राहते.

याचा दाखला महाराष्ट्राने पाहिला आहे. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. नाशिक भागात वाइनरी उगवल्या आणि शेतकऱ्यांनी उत्साहाने वाइनच्या जाती लावल्या. 2008 च्या जागतिक मंदीनंतर मागणी ओसरली, टाक्या भरलेल्याच राहिल्या, खरेदी थांबली. 1980 च्या दशकात भारतीय फेसाळ वाइन परदेशी पाठविणारी नारायणगावची ‘इंडेज’ कर्जाखाली कोसळली. अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. वाइनरी मालकाला बँक गाठता येते, न्यायालय गाठता येते; वेलीवर पिकलेले फळ मात्र थांबत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराने यातून काय घ्यावे? पाण्याच्या दुर्भिक्षाने गांजलेल्या या मुलुखात वाइनचे द्राक्ष हा तारणहार आहे, असे सांगणाऱ्याला प्रथम अनेक वर्षांचा लेखी खरेदी-करार मागावा. त्यात किमान भाव असावा, फळ नाकारण्याची कारणे स्पष्ट असावीत आणि साखर व आम्ल यांची तपासणी उत्पादकाच्या समक्ष व्हावी. दुसरे, प्रक्रियेतही वाटा हवा. फ्रान्सच्या दक्षिणेकडील मारोसाँ गावच्या लहान द्राक्षउत्पादकांनी 1901 मध्ये आपली सहकारी संस्था काढली आणि पुढे तो मार्ग त्या देशात सर्वत्र रुळला. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या महाराष्ट्राला हा विचार कोणी शिकवावयास नको. सहकारात शिरलेले दोष टाळण्याची दक्षता तेवढी घ्यावयास हवी.

तिसरी गोष्ट पारखेची. साखरेचे माप द्राक्षउत्पादकाला ब्रिक्समध्ये अचूक कळते. परंतु त्याच्या फळाची वाइन बरी झाली की उणी, हे नेहमी दुसराच त्याला सांगतो आणि त्या निवाड्यावर त्याचा भाव ठरतो. खवेवाला बोटांत खवा चोळून प्रत सांगतो. म्हणूनच त्याला सहज फसविता येत नाही. कृषी महाविद्यालयांनी आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने हे परीक्षणाचे शास्त्र उत्पादकांच्या गटांपर्यंत नेले, तर त्यातून मद्यपानाचा प्रसार होईल, ही भीती अनाठायी आहे. परीक्षक वाइन तोंडात घोळवून थुंकून टाकतो. ज्याला पिणे वर्ज्य आहे, त्यानेही आपल्या प्रतिनिधीला परीक्षकांच्या टेबलावर जागा मागण्यास हरकत नसावी.

दुकानात बाटली कोणत्या फळीवर ठेवावी, यावर राज्यात पुष्कळ शब्द खर्च झाले. पुढील सरकारांनी हा विषय पुन्हा हाती घेतला, तर चर्चेचा आरंभ बागेच्या बांधावरून व्हावा आणि नव्या सवलतीची पहिली अट शेतकऱ्याशी केलेला लेखी करार ही असावी. तसे झाले नाही, तर पुढच्या मंदीतही कुऱ्हाड वेलीवरच पडेल.